फेक आणि झेल: बडोद्याच्या बाजारात लहान मुलांसाठी काय घ्यावे

मंगळ बाजारातील हातगाड्या, रावपुऱ्यातील खेळण्यांची दुकाने, अलकापुरीतील वातानुकूलित दालने आणि घरपोच येणारी खोकी, अशा चारही वाटांनी आमच्या घरात फेकण्या-झेलण्याच्या खेळांचे साहित्य आले आहे. ते वापरणारी मंडळी म्हणजे माझी दोन नातवंडे आणि सोसायटीतील त्यांचे सवंगडी, वये साधारण दोन ते सहा. या परीक्षणात मी कंपन्यांची नावे देणार नाही, कारण या जातीच्या खेळण्यांत नावाला फारसा अर्थ उरलेला नाही. एकाच साच्यातून निघालेल्या थाळ्या वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मिळतात आणि पुढच्या हंगामात त्यांतील निम्मी नावे बाजारातून नाहीशी झालेली असतात. म्हणून वस्तूचा प्रकार, तिचे वजन, आकार, शिवण आणि मुलांच्या हातांत तिचे झालेले हाल, एवढ्यावरच हे लिखाण बेतले आहे.

साहित्य चांगले की वाईट हे ठरवण्यापूर्वी ते ज्या हातांत जाणार त्या हातांना काय जमते, हे पाहिले पाहिजे. खोकी बनवणारे नेमके तेच पाहत नाहीत. मूल फेकायला लवकर शिकते आणि झेलायला उशिरा. वर्षाचे होण्याच्या सुमारास ते हातातली वस्तू खाली टाकण्यात आणि आपण उचलून दिली की पुन्हा टाकण्यात रमते. दीड-दोन वर्षांचे मूल उभे राहून चेंडू भिरकावते खरे, पण त्या फेकीत कोपर आणि मनगट एवढेच असते, पाय जागचे हलत नाहीत. पुढे ज्या हाताने फेकायचे त्याच बाजूचा पाय पुढे पडू लागतो. विरुद्ध पाय पुढे टाकून आणि कंबर वळवून फेकणे ही त्याच्याही नंतरची पायरी आहे. झेलण्याची प्रगती याहून सावकाश होते. दोन वर्षांचे मूल दोन्ही हात पुढे ताठ धरून उभे राहते आणि चेंडू त्या हातांवर आपटून खाली पडतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास ते चेंडू छातीशी कवटाळू लागते, आणि याच वयात पुष्कळ मुले चेंडू जवळ येताच मान फिरवून डोळे मिटून घेतात. चार वर्षांचे मूल मोठा आणि हळू येणारा चेंडू बहुतेक वेळा पकडते, तर छातीचा आधार न घेता केवळ तळव्यांनी व बोटांनी झेलणे पाच-सहा वर्षांच्या सुमारास अंगवळणी पडते. एका मुलात आणि दुसऱ्या मुलात वर्षभराचा फरक सहज असू शकतो, त्यामुळे ही वये पंचांगातील तिथ्यांसारखी धरू नयेत.

आता दोन मीटरवरून खालून उडवलेला चेंडू मुलापर्यंत पोचायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात मुलाने चेंडू पाहायचा, तो कुठे उतरणार ते ताडायचे, हात तिथे न्यायचे आणि बोटे नेमक्या क्षणी मिटायची. मोठ्यांना हे सारे एकच काम वाटते, पण तीन वर्षांच्या मुलासाठी ती चार वेगवेगळी कामे आहेत. त्यामुळे माझ्या लेखी या वयाच्या साहित्याचे तीनच गुण महत्त्वाचे ठरतात: ते हवेतून हळू यावे, हातात आल्यावर निसटू नये, आणि चेहऱ्याला लागले तरी मूल रडू नये. रंग, चित्रे, पिशवीची चेन, सोबतचा पंप, या सगळ्याचा क्रम त्यानंतर लागतो.

बडोद्यात हे सांगणे जरा अवघड जाते. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी १९४७ साली रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध याच शहरात ५७७ धावांची भागीदारी केली, आणि तेव्हापासून इथल्या प्रत्येक आजोबांना नातू दोन वर्षांचा होताच त्याच्या हाती बॅट द्यावीशी वाटते. याच शहराने भारताला किरण मोरे आणि नयन मोंगिया असे दोन यष्टिरक्षक दिले, हे मात्र खेळण्यांच्या दुकानात कोणाच्या ध्यानात येत नाही. प्लास्टिकच्या बॅट-स्टंपांचे संच दारातच टांगलेले असतात आणि झेलण्याचे साहित्य मागितले की दुकानदार शिडी लावून माळ्यावर चढतो.

त्या माळ्यावरून बहुधा पहिली खाली येते ती वेल्क्रोच्या थाळ्यांची जोडी. हातावर बसवायच्या दोन गोल थाळ्या, पाठीमागे पट्टा, समोरच्या बाजूस बारीक आकड्यांचा थर आणि त्याला चिकटणारा लोकरी आवरणाचा चेंडू, असे तिचे स्वरूप असते. किंमत १५० ते ३०० रुपयांच्या दरम्यान पडते. बाजारातील सर्वांत लोकप्रिय झेलखेळ हाच असावा, आणि पहिल्या संध्याकाळी तो सर्वांना आवडतोही. चेंडू थाळीच्या कडेला जरी लागला तरी चिकटून बसतो, मूल आनंदाने ओरडते, आणि तो सोडवताना होणारा चर्र असा आवाज तर त्यांना खेळाहून अधिक प्रिय असतो.

तरीही या थाळ्यांविषयी माझे मत मिश्र आहे. झेलण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे चेंडू तळव्याला लागताच बोटे मिटणे. थाळीवर तो भाग वेल्क्रो करते, मूल करीत नाही. आमच्याकडे वेल्क्रोवर पटाईत झालेली मुले मोकळ्या हातांनी चेंडू झेलायला उभी केली की तळहात थाळीसारखे सपाट ठेवून उभी राहिली. शिवाय थाळीच्या आड तोंड लपवून आणि डोळे मिटूनही चेंडू चिकटतो, त्यामुळे नजर चेंडूवर ठेवण्याची सवय लागेलच असे नाही. या उलट, चेंडूची भीती बसलेल्या मुलासाठी मात्र ही थाळी खरोखर उपयोगी पडते. शेजारचा एक चार वर्षांचा मुलगा आधी चेंडू दिसला की आईच्या मागे जात असे. थाळी हातात आल्यावर तो समोर उभा राहू लागला, आणि काही आठवड्यांनी त्याने थाळी स्वतःहून बाजूला ठेवली. एवढ्या मर्यादित कामासाठी ती विकत घ्यावी आणि ते काम झाले की आवरून ठेवावी, असे मला वाटते.

तिचे दोष व्यावहारिकही आहेत. पट्टा मोठ्यांच्या हाताच्या मापाचा असतो, त्यामुळे लहान मुलाच्या हातावर थाळी फिरत राहते, आणि बहुतेकांना एक जादा टाका घालून घ्यावा लागतो. सोबतचा चेंडू पुष्कळ संचांत आतून टणक असतो आणि नाकावर बसला तर चांगलाच लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे धूळ. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला वेल्क्रोची कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून सुचली, हे प्रसिद्ध आहे, आणि सोसायटीच्या अंगणात दोन संध्याकाळी खेळून झाल्यावर ती सारी मूळ सामग्री थाळीवर परत जमा झालेली दिसते: कुत्र्याचे केस, गवताच्या कुसळ्या, धाग्याचे तुकडे. मग चिकटणे कमी होते आणि मूल खेळणे बिघडले म्हणून तक्रार करते. उवांसाठी वापरतात ती बारीक दातांची फणी फिरवली की थाळी पुन्हा बरीचशी पूर्ववत होते.

मला ज्या वस्तूविषयी विस्ताराने लिहायचे आहे ती दिसायला सर्वांत साधी आहे: दाणे भरलेली कापडी पिशवी. साधारण दहा-बारा सेंटीमीटरची चौकोनी उशी, आत दाणे, चारही बाजू शिवलेल्या. तिला उसळी नाही, ती गडगडत नाही, पडली तिथेच बसून राहते. तीन वर्षांच्या मुलाच्या ओंजळीत ती पडली की स्वतःच हाताच्या आकारात बसते, आणि कोपरा, कड, पोट, जे हाताला लागेल ते धरता येते. चेंडू सुटला की तो आणायला मूल कोपऱ्यापर्यंत धावते आणि खेळातला निम्मा वेळ त्या धावण्यात जातो. पिशवी पायाशीच पडलेली असते, त्यामुळे तेवढ्याच वेळात दुप्पट फेकी होतात. चौथ्या मजल्यावरील सदनिकेत खाली राहणाऱ्यांच्या तक्रारीशिवाय खेळता येणारा झेलखेळ हवा असेल, तर माझ्या माहितीत याला पर्याय नाही.

दुकानांत चार किंवा सहा पिशव्यांचे तयार संच मिळतात. आत प्लास्टिकचे बारीक मणी असतात आणि वर अंकांची, फळांची किंवा प्राण्यांची चित्रे छापलेली असतात. मी पाहिलेल्या संचांत कापड छान होते, वजनाने मात्र निराशा केली. एका पिशवीचे वजन शंभर ग्रॅमच्या वर भरत होते, जे सात-आठ वर्षांच्या मुलाला ठीक आहे, पण तीन वर्षांच्या मुलाने ती दूर फेकायची म्हटले तर खांद्याला झटका बसतो आणि समोरच्या तोंडावर बसली तर रडारड होते. साठ-सत्तर ग्रॅम या वयाला पुरेसे आहेत. दुसरी निराशा शिवणीची. एकेरी शिवण आणि आत अस्तर नाही, अशा पिशवीचा कोपरा उसवला की मणी फरशीवर पसरतात, आणि तसा बारीक मणी रांगत्या भावंडाच्या तोंडात जाण्याला क्षणही लागत नाही. तयार संच घ्यायचाच असेल तर दुकानातच कोपरे दोन्ही बाजूंना ताणून पाहावेत. टाके दिसू लागले तर तो संच तिथेच ठेवून यावा.

यापेक्षा दांडिया बाजारातील कोणत्याही शिंप्याकडून त्या शिवून घेणे मला अधिक पसंत आहे. आत मांजरपाटाची एक पिशवी, तिच्यावर जाड सुती किंवा जुन्या जीनच्या कापडाची दुसरी, दोन्हींना दुहेरी शिवण, आणि पिशवी गच्च न भरता निम्म्याहून थोडी अधिक भरलेली. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी लागते आणि तिला धरायला जागाही राहत नाही. भरायला चवळी, राजमा, चिंचोके यांतले काहीही चालते. चिंचोक्यांचा हाताला येणारा स्पर्श मला सर्वांत आवडला आणि मुलांनाही त्यांचा खुळखुळ आवाज आवडतो. तथापि धान्य आणि चिंचोके या दोन्हींना बडोद्याच्या पावसाळ्यात कीड लागते, हे गृहीत धरावे. भरण्यापूर्वी दाणे कडक उन्हात वाळवावेत, बाहेरच्या पिशवीला एका बाजूस चेन किंवा झाकलेली पट्टी ठेवावी, म्हणजे ते आवरण काढून धुता येते, आणि दर पावसाळ्यानंतर आतला माल बदलावा. वाळू भरू नये. ती कितीही चाळली तरी कापडातून पीठ झिरपत राहते आणि डोळ्यांत जाते. शिवणावळ आणि कापड धरून सहा पिशव्यांचा खर्च तयार संचाच्या जवळपासच येतो, पण वस्तू कित्येक पटींनी टिकाऊ मिळते.

या पिशव्यांवर खेळ किती बसतात, हे पाहिले की मुलांच्या कल्पकतेचे कौतुक वाटते. दोन वर्षांच्या मुलाला फक्त बादलीत टाकायचे असते, आणि बादली अर्ध्या हातावर ठेवली तरी त्याला तो पराक्रम वाटतो. तिसऱ्या वर्षी फरशीवर खडूने काढलेल्या गोलात नेमाने टाकणे जमते. चौथ्या वर्षी स्वतःच थोडी वर उडवून स्वतःच झेलणे सुरू होते आणि ते आधी दोन्ही हातांनी होते. डोक्यावर पिशवी ठेवून चालायचे आणि मान झुकवून ती ओंजळीत पाडायची, हा खेळ आमच्याकडे मुलांनीच काढला आणि तो बाकी साऱ्या खेळांहून अधिक चालला. सागरगोटे खेळणाऱ्या मागच्या पिढीला यात नवीन काही वाटणार नाही. मात्र खरे सागरगोटे तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत, ते सहज तोंडात मावतात.

चेंडूंपैकी फोमच्या चेंडूंना आई-वडील सर्वाधिक पसंती देतात. हातभर अंतरावरून लागला तरी दुखत नाही, काच फुटत नाही, आणि वीतभर व्यासाचा घेतला तर छातीशी कवटाळायला सोपा जातो. घेताना वरून गुळगुळीत पातळ आवरण चढवलेला घ्यावा. उघड्या स्पंजाचा चेंडू दोन वर्षांचे मूल चावते, त्याचे लचके निघतात आणि ते गिळले जाण्याचा धोका असतो. शिवाय ओल्या हिरवळीवर तो पाणी पिऊन जड होतो. आवरणाचा चेंडू थोडा महाग पडतो, परंतु वर्षभर टिकतो. विट्रिफाइड फरशीवर मात्र तो फार सरकतो, म्हणून दिवाणखान्यात सतरंजी अंथरून खेळावे.

फुगवायचा मोठा रंगीत चेंडू, जो समुद्रकिनाऱ्यावर खेळायला म्हणून विकतात, त्याची गंमत अशी की तो अर्धवट फुगवला तरच लहान मुलांच्या कामाचा होतो. पूर्ण फुगवलेला चेंडू छातीवर आपटून परत उडतो. पाऊण भाग हवा भरली तर तो मऊ राहतो, त्याला बोटांनी चिमटीत धरता येते आणि टप्पाही कमी पडतो. कमाटी बागेच्या मोकळ्या हिरवळीवर संध्याकाळी वारा सुटला, की तो आपल्या मर्जीने प्राणिसंग्रहालयाच्या दिशेने निघून जातो, त्यामुळे तो घरात किंवा वाऱ्याच्या आडोशालाच वापरावा.

टेनिसचा चेंडू आपल्याकडे सर्वांत आधी हाती येतो, कारण तो घरात असतोच. नियमाप्रमाणे त्याचा व्यास साडेसहा ते पावणेसात सेंटीमीटरच्या आसपास आणि वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते, आणि २५४ सेंटीमीटरवरून सोडला की तो १३५ ते १४७ सेंटीमीटर उसळतो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याहूनही वर. खेळून दमलेला जुना चेंडू त्या मानाने बरा, पण नवा चेंडू चार वर्षांच्या मुलाशी टप्पा देऊन खेळणे हा त्याच्यावर अन्याय आहे. टेनिस शिकणाऱ्या मुलांसाठी लाल खुणेचा एक चेंडू मिळतो. तो आकाराने किंचित मोठा, वजनाने हलका आणि नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा ७५ टक्के हळू असतो. नारिंगी खुणेचा ५० टक्के आणि हिरव्या खुणेचा २५ टक्के हळू असतो. आपल्या कामाचा लालच. खेळण्यांच्या दुकानात तो विचारून उपयोग नाही, क्रीडासाहित्याच्या दुकानात विचारावे लागते आणि तिथेही बहुधा मागवून घ्यावा लागतो. किंमत साध्या चेंडूपेक्षा जास्त आहे, तरी पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी मी तो बेलाशक सुचवीन. टप्पा कमरेच्या उंचीवर येतो आणि मुलाला विचार करायला वेळ मिळतो.

रिंगकडे बाजाराचे लक्षच नाही, याचे मला वाईट वाटते. रिंग पकडायला चेंडूपेक्षा सोपी असते, कारण तिच्या मधल्या पोकळीत हात घालता येतो आणि कोणत्याही बाजूने चार बोटांची मूठ बसते. टेनिकॉइटची, म्हणजे जाळीवरून रिंग फेकण्या-झेलण्याच्या खेळाची, रबरी रिंग मिळते, परंतु ती दोनशे ग्रॅमहून जड असते आणि लहान मुलांसाठी बनवलेलीच नसते. खेळण्यांच्या दुकानातील प्लास्टिकच्या पोकळ रिंगा खुंट्यांवर टाकण्याच्या संचासोबत येतात. त्या इतक्या हलक्या असतात की हवेत डगमगतात, आणि जोडाची कड हाताला काचते. खुंट्यांवर टाकायला त्या ठीक आहेत, झेलायला नाहीत. जुन्या लुगड्याची घट्ट वळलेली आणि सुतळीऐवजी सुती दोऱ्याने गुंडाळलेली चुंबळ या दोन्हींहून सरस ठरली. ती मऊ असते, वजन बेताचे असते, आणि भिंतीला लागून खाली पडली तरी आवाज होत नाही. हल्ली चुंबळ डोक्यावर कोणी घेत नाही, पण ज्यांना ती वळता येते अशा बायका आपल्या घरांत अजून आहेत.

लगोरीचे संच गेल्या काही वर्षांत पुन्हा दिसू लागले आहेत. शेजारची गुजराती मुले त्यालाच सतोडियुं म्हणतात. सात लाकडी किंवा प्लास्टिकच्या चकत्या आणि एक रबरी चेंडू, एवढाच ऐवज असतो. चार वर्षांच्या मुलांसाठी यातला पळणाऱ्याला चेंडू मारण्याचा भाग वगळावा आणि दीड-दोन मीटरवरून रचलेला मनोरा पाडणे व पुन्हा रचणे एवढाच खेळ ठेवावा. त्यांना तो तेवढाच पुरतो. लाकडी चकत्यांचा संच घ्यावा, कारण प्लास्टिकच्या चकत्या वाऱ्यानेही पडतात आणि मग कोणी पाडला यावरून भांडण होते. चकत्यांचा रंग नखाने खरवडून पाहावा. सोबतचा चेंडू बहुतेक संचांत फार टणक निघाला, त्याच्या जागी मोज्यांचा किंवा चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडू वापरला की खेळ तसाच रंगतो.

बाकीच्यांचा निकाल थोडक्यात देता येईल. कळ दाबली की चेंडू उडतो आणि त्याच पेल्यात झेलायचा, अशा स्प्रिंगच्या पेल्यांपासून दूर राहावे. मूल पेला तोंडाकडे धरूनच कळ दाबते. लांब चोचीच्या प्लास्टिकच्या पळ्यांनी चेंडू झेलण्याचा संच सहा वर्षांच्या पुढे मजेचा आहे, त्याआधी त्या पळ्यांचा उपयोग एकमेकांना मारण्यासाठीच होतो. जॉर्जेटच्या ओढणीचे हातभर तुकडे मात्र विकत घ्यावे लागत नाहीत आणि अडीच वर्षांच्या मुलाला झेलण्याचा पहिला आनंद त्यांतूनच मिळतो, कारण ते तरंगत खाली येतात आणि मुठीत आपोआप गोळा होतात.

फुगा याच कारणासाठी सर्वांना सुचतो. तो हळू येतो हे खरे, पण फुटलेल्या किंवा न फुगवलेल्या रबरी फुग्याचा तुकडा घशात बसला की श्वासनलिका पूर्ण बंद होऊ शकते, आणि तो मऊ असल्याने काढायलाही अवघड जातो. आठ वर्षांखालील मुलांजवळ फुगा असेल तेव्हा मोठ्या माणसाने तिथून हलू नये, आणि फुटताच सगळे तुकडे वेचावेत. फुग्यावर चढवायचे कापडी आवरण मिळते किंवा शिवता येते. त्यात फुगा असेल तर फुटलेले तुकडे आतच राहतात आणि वजन थोडे वाढल्याने फेकही नीट जाते. आकाराच्या बाबतीत, साडेचार सेंटीमीटरपेक्षा लहान चेंडू तीन वर्षांखालील मुलाला देऊ नये. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा असतो, म्हणजे तोही बाद.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे आपल्या देशात बंधनकारक आहे. वेल्क्रोच्या थाळ्या, फोमचे चेंडू, रिंगांचे संच घेताना खोक्यावर हे चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक शोधावा. तीन वर्षांखालील मुलाच्या चेहऱ्यावर काट मारलेले चित्र असेल तर त्याचा अर्थ शोभेपुरता समजू नये. बारीक सुटे भाग असल्याची ती सूचना आहे. मंगळ बाजारातील गाड्यांवर सुटा माल असतो आणि खोके नसल्यामुळे चिन्हही नसते. तिथून मी आता कापडी वस्तूंखेरीज काही घेत नाही, कारण कापड आणि शिवण डोळ्यांनी व बोटांनी तपासता येतात, रंगातील आणि प्लास्टिकमधील घातक द्रव्ये तशी तपासता येत नाहीत.

दुकानांविषयीही लिहिले पाहिजे. रावपुऱ्याच्या जुन्या दुकानांत खोके उघडून वस्तू हातात घेऊ देतात, मुलाला घेऊन गेले तर दुकानासमोर दोन फेकीही करू देतात, आणि भाव थोडा उतरतो. वयाविषयीचा सल्ला मात्र तिथे विचारू नये. कोणतीही वस्तू दाखवली तरी “बेन, नाना छोकरा माटे आ ज चाले” (ताई, लहान मुलांसाठी हेच चालते) हेच उत्तर मिळते, मग ती वेल्क्रोची थाळी असो की स्प्रिंगचा पेला. मोठ्या दालनांत चिन्हे, वये, छापील किमती सगळे व्यवस्थित असते, पण खोकी सीलबंद असतात. एका दालनाने उसवलेल्या शिवणीची पिशवी वापरलेली आहे असे सांगून बदलून द्यायला नकार दिला, जरी ती घरी पोचून तासही झाला नव्हता. तेव्हापासून मी तिथे गल्ल्यापाशीच, पैसे देण्यापूर्वी, खोके उघडून दाखवायला सांगते. बहुतेक वेळा ते दाखवतात. घरपोच मागवलेल्या मालात वजनाचा आकडा खोक्यासकट दिलेला असतो, म्हणून पिशव्यांच्या बाबतीत तो आकडा विश्वासार्ह धरू नये आणि एका पिशवीचे वजन विक्रेत्याला वेगळे विचारून घ्यावे. उत्तर आले नाही तर तो संच मागवू नये.